लायब्ररी शोधायचं स्वतःचं टूल दर अपडेटनंतर का बिघडतं

पायथनच्या लायब्ररी शोधणारी 'पिप सर्च' ही कमांड डिसेंबर २०२० मध्ये बंद पडली. पायपीआय या पायथन लायब्ररींच्या सार्वजनिक भांडाराच्या जुन्या एक्सएमएल-आरपीसी सर्चवर इतका भार येत होता की तो आधी तात्पुरता आणि मग कायमचाच बंद झाला. तेव्हापासून बऱ्याच टीममध्ये कुणीतरी कधीतरी स्वतःचं छोटं टूल बांधायला घेतं. पायपीआयवरून लायब्ररींची नावं आणि एका ओळीची माहिती आणायची, एसक्यूलाइट या एका फाइलमधल्या डेटाबेसमध्ये भरायची, त्यावर एफटीएस५ या त्याच्याच शब्दशोधाच्या सोयीचा इंडेक्स (कोणता शब्द कुठे आहे याची सूची) लावायचा आणि वर एक सर्चची चौकट. काम दोन दिवसांचं, आणि पहिल्या आठवड्यात टूल झकास चालतं.

मग क्रॉनमधून (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय) पहिलं अपडेट होतं आणि तक्रारी सुरू होतात. एकच लायब्ररी दोनदा दिसते. एखादा शब्द शोधला तर वर्णनात तो शब्दच नसलेली लायब्ररी पुढे येते. काही शोधांना सरळ 'डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड' असा एरर येतो. कुणीतरी इंडेक्स रीबिल्ड करतं, म्हणजे नव्याने बांधतं, सगळं सुरळीत होतं आणि पुढच्या अपडेटला पुन्हा तेच. या दुखण्याची कारणं ठरावीक आहेत. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, नेमकं व्याकरण एसक्यूलाइटच्या एफटीएस५ वरच्या पानावर मिळेल.)

आधी हे करू नका

मालफॉर्म्ड हा शब्द बघून डिस्क तपासायला धावू नका. फाइल बहुतेक वेळा ठणठणीत असते. 'प्रॅग्मा इंटिग्रिटी चेक' चालवलंत तर उत्तर 'ओके' येईल, आणि ते खरंच असतं. ती तपासणी डेटाबेसची अंतर्गत रचना बघते. तुमच्या मूळ टेबलात काय आहे आणि सर्चच्या इंडेक्समध्ये काय आहे, यांचा मेळ ती घालत नाही.

तसंच भलते निकाल आले की रँकिंगचे आकडे खालीवर करायचा मोह होतो. तोही आवरा. इंडेक्सच शिळा असेल तर वजनं बदलून फक्त चुकीचे निकाल वेगळ्या क्रमाने दिसतील.

मुख्य संशयित: इन्सर्ट ऑर रिप्लेस

जागा वाचावी म्हणून बहुतेक जण एफटीएस५ चं टेबल 'एक्स्टर्नल कंटेंट' पद्धतीने बनवतात. म्हणजे मजकूर मूळ टेबलात राहतो आणि एफटीएस५ कडे फक्त कोणता शब्द कोणत्या रो-आयडीत (ओळीच्या क्रमांकात) आहे याची नोंद असते. दोन्हींचा मेळ राखण्याची जबाबदारी आपली. त्यासाठी इन्सर्ट, अपडेट आणि डिलीट असे तीन ट्रिगर (ओळीत बदल झाला की आपोआप चालणाऱ्या कमांड) लावले जातात. इथपर्यंत सगळं बरोबर.

गडबड अपडेटच्या स्क्रिप्टमध्ये असते. लायब्ररी आधीच टेबलात असेल तर बदला, नसेल तर घाला, हे एका ओळीत होतं म्हणून तिथे 'इन्सर्ट ऑर रिप्लेस' लिहिलेलं असतं. ही कमांड जुनी ओळ बदलत नाही. ती जुनी ओळ काढून टाकते आणि नवी घालते. आणि रिप्लेसमुळे जी ओळ निघते तिच्यासाठी डिलीटचा ट्रिगर एसक्यूलाइट चालवतच नाही. 'रिकर्सिव्ह ट्रिगर्स' हे सेटिंग चालू असेल तरच चालवतं, आणि मुळात ते बंद असतं. परिणामी इन्सर्टचा ट्रिगर चालतो, नव्या नोंदी इंडेक्समध्ये जातात, आणि जुन्या नोंदी तिथेच पडून राहतात.

पुढे काय दिसेल ते तुमच्या टेबलाच्या रचनेवर आहे. आयडी आपोआप पडत असेल आणि युनिकची (एकच मूल्य दोनदा नको अशी) अट नावावर असेल, तर रिप्लेसनंतर त्या लायब्ररीला नवा रो-आयडी मिळतो. इंडेक्समधल्या जुन्या नोंदी आता अस्तित्वात नसलेल्या ओळीकडे बोट दाखवतात. शोध तिथे पोचला, एफटीएस५ मजकूर आणायला मूळ टेबलात गेलं, ओळ सापडली नाही, की तो मालफॉर्म्डचा एरर. नव्या आवृत्त्यांमध्ये कोणती ओळ गायब आहे हेही कळतं, जुन्यांमध्ये नुसता तो भीतिदायक संदेश. आणि क्वेरीत मूळ टेबलाशी जॉइन करून फक्त रो-आयडी घेत असाल तर एररही येत नाही. निकाल गुपचूप कमी होतात, जे जास्त वाईट.

आयडी तुम्हीच देत असाल आणि तो तोच राहत असेल, तर प्रकार वेगळा. त्याच रो-आयडीवर जुने शब्दही राहतात आणि नवेही चढतात. लेखकाने वर्णनातून 'असिंक' हा शब्द काढून वर्ष झालं तरी तुमच्या टूलला 'असिंक' शोधल्यावर ती लायब्ररी सापडत राहते. भलत्या निकालांचं मूळ हे.

खात्री करून घ्यायची तर एक सापळा लक्षात ठेवा. एफटीएस५ च्या टेबलावर 'काउंट' चालवून मूळ टेबलाशी ताडून बघणं हा अनेकांचा पहिला उपाय, पण एक्स्टर्नल कंटेंटमध्ये ती मोजणी मूळ टेबलातूनच होते. आकडे कायम जुळणारच! मोजायचं असेल तर एफटीएस५ ने स्वतःसाठी बनवलेलं, नावाच्या शेवटी 'डॉकसाइझ' असलेलं टेबल मोजा. तिथे इंडेक्समध्ये गेलेल्या प्रत्येक नोंदीची एक ओळ असते. मूळ टेबलापेक्षा तिथे ओळी जास्त निघाल्या तर निदान पक्कं. आयडी तोच राहणाऱ्या प्रकारात मात्र हेही आकडे जुळतात. तेव्हा एफटीएस५ ची स्वतःची 'इंटिग्रिटी-चेक' कमांड द्या आणि तिच्यासोबत रँकच्या कॉलममध्ये १ द्या. तो १ दिला नाही तर एक्स्टर्नल कंटेंटच्या बाबतीत ती मूळ मजकुराशी तुलना करत नाही आणि सगळं आलबेल असल्याचं सांगते.

उपाय दोन.

पहिला म्हणजे रिप्लेस सोडून अपसर्ट वापरा, म्हणजे 'ऑन कॉन्फ्लिक्ट' आणि पुढे 'डू अपडेट सेट'. हे एसक्यूलाइट ३.२४ पासून, म्हणजे जून २०१८ पासून आहे. यात ओळ जागच्या जागी बदलते, रो-आयडी टिकतो आणि अपडेटचा ट्रिगर चालतो. त्या ट्रिगरने आधी जुन्या मजकुरासह 'डिलीट' कमांड आणि मग नव्या मजकुराचा इन्सर्ट असं दोन पायऱ्यांत काम करायला हवं. इथे आणखी एक पाचर आहे: डिलीटला दिलेला मजकूर इंडेक्समध्ये गेलेल्या मजकुराशी तंतोतंत जुळला पाहिजे. इन्सर्टच्या ट्रिगरमध्ये तुम्ही मजकूर साफ करून घालत असाल आणि डिलीटला कच्चाच देत असाल, तर काही शब्द मागे राहतील आणि आठवड्यागणिक साचत जातील. साफसफाई करायची ती मूळ टेबलात भरण्याआधी करा, ट्रिगरमध्ये नको.

रिकर्सिव्ह ट्रिगर्स चालू करूनही प्रश्न सुटतो असं कुठेकुठे वाचायला मिळतं. सुटतो, पण ते सेटिंग त्या एका कनेक्शनपुरतंच असतं. तुम्ही शेलमध्ये ते चालू करून तपासता, सगळं नीट दिसतं, आणि रात्री क्रॉनची स्क्रिप्ट स्वतःचं नवं कनेक्शन उघडते ज्यात ते बंद असतं. या नादी लागू नका.

दुसरा उपाय, आणि माझं मत याच्याच बाजूने आहे: ट्रिगर काढूनच टाका. आठवड्यातून एकदा ताजं होणाऱ्या टूलला प्रत्येक ओळीगणिक इंडेक्स जुळवत बसायची गरजच काय? मूळ टेबल भरून घ्या आणि शेवटी, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, एकदा 'रीबिल्ड' द्या. पायपीआयवर पाच लाखांहून जास्त प्रकल्प आहेत, पण तुम्ही नाव, एका ओळीची माहिती आणि कीवर्ड एवढंच घेत असाल तर साध्या लॅपटॉपलाही हे जड नाही. रीबिल्डमुळे एक आनुषंगिक फायदाही होतो. रँकिंगसाठी एफटीएस५ एकूण नोंदींची संख्या आणि सरासरी लांबी जपून ठेवतं. मागे राहिलेल्या भूतनोंदींनी ते आकडे फुगतात आणि क्रम हळूहळू बिघडतो. रीबिल्डने तेही जागेवर येतं.

एकच लायब्ररी दोनदा

याचं कारण साधं आहे. पायपीआयच्या लेखी लहान-मोठी अक्षरं सारखी आणि डॅश, अंडरस्कोर, डॉट हेही सारखे. पेप ५०३ (पेप म्हणजे पायथनचे अधिकृत प्रस्ताव-दस्तऐवज) मध्ये नियम दिलाय: सगळी अक्षरं लहान करा आणि या तीन चिन्हांची कितीही मोठी रांग आली तरी तिच्या जागी एकच डॅश ठेवा. म्हणजे 'झोप डॉट इंटरफेस', 'झोप अंडरस्कोर इंटरफेस' आणि 'झोप डॅश इंटरफेस' हे एकच पॅकेज. युनिकची अट तुम्ही जसं आलं तसं नाव धरून लावली असेल, तर एखाद्या लेखकाने नव्या आवृत्तीत नावाचं रूप जरा बदललं की तुमच्याकडे नवी ओळ तयार होते. दोन कॉलम ठेवा. एकात नियमाप्रमाणे केलेलं नाव, त्यावर युनिक. दुसऱ्यात दाखवायचं नाव, त्यावर काही अट नाही.

काढून टाकलेल्या लायब्ररी

हे रीबिल्डने सुटत नाही, कारण इथे मूळ टेबलच शिळं असतं. स्क्रिप्ट नवं आणते, बदललेलं आणते, पण पायपीआयवरून गेलेलं आपल्याकडून काढायचं कुणाच्या लक्षात येत नाही. आणि हा फक्त टापटिपीचा प्रश्न नाही. मालकाने प्रकल्प डिलीट केला की ते नाव दुसऱ्या कुणाला तरी घेता येतं. तुमचं टूल जुनं, चांगलं वर्णन दाखवत राहतं आणि इन्स्टॉल करणाऱ्याच्या मशीनवर भलत्याचंच कोड उतरतं.

पायपीआयची सिम्पल इंडेक्स सगळ्या नावांची यादी देते, आणि पेप ६९१ पासून ती जेसनमध्येही (प्रोग्रामला सहज वाचता येणारं रूप) मिळते. दर अपडेटला ती यादी एका तात्पुरत्या टेबलात घ्या आणि तिच्यात नसलेली नावं आपल्याकडून काढा. फक्त एक खबरदारी घ्या: नेट मध्येच तुटलं आणि अर्धीच यादी आली, तर स्क्रिप्ट निष्ठेने अर्धं टेबल पुसून टाकेल. आलेली यादी मागच्यापेक्षा लक्षणीय लहान असेल तर काही न काढता थांबायचं, अशी अट घाला. नुसत्या आरएसएसवर विसंबून अपडेट करणाऱ्यांना हे जमत नाही, कारण त्यात फक्त अलीकडच्या नोंदी येतात आणि डिलीट झालेल्यांचा पत्ता नसतो.

शोधताच एरर: 'नो सच कॉलम: लर्न'

'सायकिट-लर्न' शोधलं आणि हा एरर आला, असं हमखास घडतं. एफटीएस५ च्या क्वेरीला स्वतःची भाषा आहे. तिच्यात डॅशला कॉलम वगळण्याचा अर्थ आहे, अधिकचं चिन्ह शब्द जोडतं, डॉट तर चालतच नाही. त्यामुळे 'सायकिट-लर्न', 'सी++' आणि 'नोड.जेएस' हे तिन्ही वेगवेगळ्या तऱ्हेने आपटतात. वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर जागा बघून तोडा, प्रत्येक तुकडा दुहेरी अवतरणात घाला आणि आतमध्ये दुहेरी अवतरण असेल तर ते दोनदा लिहा. बाइंड पॅरामीटर (मजकूर कमांडपासून वेगळा पाठवण्याची पद्धत) वापरतो म्हणून आपण सुरक्षित आहोत असं समजू नका. त्याने एसक्यूएल इंजेक्शन (मजकुरातून भलती कमांड घुसवणं) टळतं, पण एफटीएस५ ची क्वेरी त्या पॅरामीटरच्या आतच वाचली जाते.

एरर गेला तरी 'सी++' चा निकाल कचराच असेल, कारण इंडेक्स करताना अधिकची चिन्हं गळून नुसतं 'सी' उरलेलं असतं. टोकनायझरला (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) 'टोकनकॅर्स' मध्ये अधिक आणि हॅश ही चिन्हं द्या, एफटीएस५ चं टेबल नव्याने बनवा आणि रीबिल्ड करा.

नाव माहीत आहे, तरी सापडत नाही

कोडमध्ये 'इम्पोर्ट सीव्ही२' लिहिलेलं असतं, पॅकेजचं नाव असतं ओपनसीव्ही-पायथन. पीआयएल म्हणजे पिलो, बीएस४ म्हणजे ब्युटिफुलसूप४, एसकेलर्न म्हणजे सायकिट-लर्न, वायएएमएल म्हणजे पायवायएएमएल. पायपीआयच्या जेसनमध्ये इम्पोर्टचं नाव स्वतंत्रपणे मिळत नाही. सगळ्या व्हील (पॅकेजच्या तयार फाइल) उतरवून आत बघण्यापेक्षा एक छोटं टोपणनावांचं टेबल हाताने बनवा. तुमच्या मशीनवर जे इन्स्टॉल आहे त्याची जोडी पायथन ३.१० पासून इम्पोर्टलिब-मेटाडेटामधलं 'पॅकेजेस डिस्ट्रिब्यूशन्स' हे फंक्शन देतं. टीममधल्या चार-पाच जणांच्या मशीनवरून ते गोळा केलं तरी रोजच्या वापरातलं बहुतेक सगळं येतं.

अर्धवट नाव टाइप करणाऱ्यांसाठी तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडणारा ट्रायग्राम टोकनायझर आहे, एसक्यूलाइट ३.३४ पासून. तीन अक्षरांपेक्षा लहान शोधाला तो काहीच देत नाही. 'जेक्यू' शोधणाऱ्याला कोरं पान दिसतं आणि टूल बंद पडल्यासारखं वाटतं. तेवढ्यापुरतं नावाच्या कॉलमवर साधं 'लाइक' चालवा.

आणि पोर्टर स्टेमर (इंग्रजी शब्दांचे प्रत्यय छाटणारा) नावांवर लावू नका. तो 'रिक्वेस्ट्स' आणि 'रिक्वेस्ट' एकच मानतो. वर्णनात हे सोयीचं आहे, पण नावांत एका अक्षराच्या फरकावरच घातकी पॅकेज खपवली जातात. डिसेंबर २०१९ मध्ये पायपीआयवरून काढलेल्या एका पॅकेजने 'जेलीफिश' या नावातल्या पहिल्या एलच्या जागी कॅपिटल आय घातला होता, आणि बऱ्याच फॉन्टमध्ये ते दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. म्हणून निकालात नियमाप्रमाणे लहान केलेलं नावही दाखवा. तिथे तो आय लगेच उघडा पडतो. एफटीएस५ मध्ये टोकनायझर पूर्ण टेबलाला एकच असतो, तेव्हा नावांसाठी ट्रायग्रामचं एक टेबल आणि वर्णनासाठी पोर्टरचं वेगळं, अशी विभागणी करावी लागते. पोर्टरकडूनही फार अपेक्षा नकोत. 'पार्स' आणि 'पार्सिंग' तो एकत्र आणतो, 'पार्सर' मात्र बाहेरच राहतो.

क्रम उलटा लागतो

एफटीएस५ चं बीएम२५ (निकाल किती जुळतो ते मोजणारं सूत्र) ऋण आकडे देतं आणि जितका आकडा लहान तितका निकाल चांगला. 'डिसेंडिंग' लावलंत तर सर्वांत टाकाऊ लायब्ररी वर येईल. लोकप्रियतेचा भाग मिळवायचा असेल तर तो अधिक न करता वजा करायचा.

लोकप्रियतेवरून आठवलं, पायपीआयच्या जेसनमध्ये 'डाउनलोड्स' आहे आणि त्यात दिवस, आठवडा, महिना असे रकानेही आहेत. सगळ्यांत उणे १ असतो! खरे आकडे बिगक्वेरीवरच्या सार्वजनिक डेटासेटमध्ये मिळतात. उणे १ चा लॉग (लॉगॅरिदम) घ्यायला गेलात की पायथन 'व्हॅल्यू एरर' देतं, मग कुणीतरी तो एरर गिळून शून्य ठेवतं, आणि रँकिंगमध्ये लोकप्रियता आहे असं सगळ्यांना वाटत राहतं. खरे आकडे आणलेत तरी लॉग घेऊनच वापरा. बोटो३ किंवा यूआरएललिब३ यांचे डाउनलोड मुख्यतः सीआय सर्व्हर (कोड आपोआप तपासणारे) आणि इतर पॅकेजांच्या अवलंबनातून येतात, ते कच्चेच घेतले तर प्रत्येक शोधात याच वर बसतील. रीडमी (लायब्ररीचं लांबलचक वर्णन) इंडेक्स करायचंच असेल तर त्या कॉलमला अगदी कमी वजन द्या, कारण त्यात इतर लायब्ररींची नावं भरमसाट असतात.

मराठी टिपा शोधताना

काही टीम प्रत्येक लायब्ररीपुढे स्वतःची टीप लिहितात, आणि ती मराठीत असली की नवंच कोडं पडतं: 'शोध' टाकलं की 'शिधा'ही सापडतो. एफटीएस५ चा नेहमीचा युनिकोड६१ टोकनायझर अक्षरं आणि आकडे यांनाच शब्दाचा भाग मानतो. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही चिन्हं युनिकोडच्या वेगळ्या वर्गांत मोडतात, म्हणून तिथे शब्द तुटतो. दोन्ही शब्दांचं उरतं काय, तर 'श' आणि 'ध'. टोकनायझरच्या 'कॅटेगरीज' मध्ये मूळच्या वर्गांबरोबर एमएन आणि एमसी हे दोन वर्ग जोडा, टेबल नव्याने बनवा, प्रश्न मिटला.

तरीही 'दुसऱ्या' कधी सापडतो, कधी नाही, असं होईल. हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ वापरतात, काही साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. दिसायला सारखे, आत वेगळे. भरताना आणि शोधताना, दोन्हीकडे, दुसरा प्रकार पहिल्यात बदला आणि एनएफसी (युनिकोडचं एकच ठरलेलं रूप) करून घ्या. जॉइनर नुसता उडवला तर 'दुसर्या' उरतं, जे कशाशीच जुळत नाही.

सगळं केलं, तरी जुनेच निकाल

मग बहुधा डेटाबेस बरोबर आहे आणि सर्व्हर भलतीच फाइल वाचतोय. अपडेट चालू असताना 'डेटाबेस इज लॉक्ड' येऊ नये म्हणून नवी फाइल वेगळी बनवून शेवटी जुनीवर रिनेम करणं ही चांगलीच पद्धत आहे. पण लिनक्सवर आधीच उघडलेलं कनेक्शन रिनेमनंतरही जुन्याच फाइलला धरून बसतं. ती फाइल नावाने दिसत नाही, तरी प्रोसेस जिवंत असेपर्यंत वाचता येते. 'एलएसओएफ' (उघड्या फाइलींची यादी देणारी कमांड) चालवून बघा, फाइलपुढे 'डिलीटेड' लिहिलेलं दिसलं की समजा. रिनेम झाल्यावर सर्व्हरला कनेक्शन बंद करून पुन्हा उघडायला लावा, किंवा प्रत्येक विनंतीला फाइल नव्याने उघडा, एवढ्या छोट्या टूलला तेही परवडतं. आणि नवी फाइल बनवताना वॉल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिण्याची पद्धत) लावला असेल तर रिनेम करण्याआधी सगळी कनेक्शन नीट बंद झाली आहेत ना ते पाहा. शेजारी 'वॉल' शेपटीची फाइल उरली असेल तर शेवटचे काही बदल अजून तिच्यातच असू शकतात.